आप्पाजींच्या नाचणीतलं तळं

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आप्पाजी बेंगळुरूत जयनगरच्या एका कॉलेजात शिरले आणि पर्यावरणशास्त्राचे प्रा. जयसिंगराव यांच्या टेबलावर त्यांनी एक रंगीत नकाशा आपटला.

"सर, हे तळं माझ्या शेतातून काढा."

साल १९९८, महिना सप्टेंबर. नकाशा जयसिंगरावांच्याच वर्गाचा. उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र हातात धरून विद्यार्थी आनेकलजवळ आप्पाजींच्या गावातल्या तळ्याभोवती फिरले होते. आकडे संगणकात भरले, तळं निळंशार छापून आलं. प्राचार्य पुरुषोत्तम इतके खूश झाले, की त्यांनी खाली सही केली, कॉलेजचा गोल शिक्का उठवला आणि एक प्रत तालुका कचेरीला भेट पाठवली. तळं मात्र ऐंशी मीटर सरकलं होतं.

"पाऊस नाही, नाचणी माना टाकतीया," आप्पाजी कडाडले. "बोअरच्या पंपाला करंट पाहिजे, त्याला कचेरीचा दाखला लागतो. तिथला साहेब नकाशा दाखवून म्हणतो, तळ्यात बोअर कशाला? बादली सोडा!"

"आप्पाजी, स्वल्प, जरा ऐका. अमेरिकेचं लष्कर या उपग्रहांच्या आकड्यांत मुद्दाम चूक घालतं. शत्रूला नेमकी जागा कळू नये म्हणून."

"म्हणजे मी शत्रू?"

"तुम्ही नव्हे हो!"

"आन् चूक हाय हे ठाऊक होतं, तर शिक्का कशाला मारला?"

जयसिंगरावांनी यंत्र उचललं. ते दुपारीच गावी जाऊन पुन्हा मोजणी करून आले. या वेळी तळं उत्तरेला सरकून शेजारच्या नागराजच्या गोठ्यात शिरलं. कालपर्यंत आप्पाजींना हसणारा नागराज संतापला. "पहिलाच नकाशा खरा! त्याला शिक्का हाय!"

मंगळवारी जयसिंगरावांनी सरळ टेप धरून तळं मोजलं, बरोबर नकाशा हाताने काढला आणि प्राचार्यांपुढे ठेवला.

"एका तळ्याचे तीन नकाशे?" प्राचार्य उसळले. "पहिल्यावर माझी सही आहे. ती चुकली असं लिहून देऊ?"

"सही नाही सर, तळं चुकलंय."

"मग तळ्याकडून लिहून घ्या!"

उरला एकच मार्ग. जयसिंगरावांनी स्वतःच्या नावाने कचेरीला अर्ज केला: नकाशा बाजूला ठेवा, जागेवर येऊन डोळ्यांनी पाहा.

"आता कसं बोललात!" आप्पाजी पहिल्यांदाच निवळले. "सरी, ठीक हाय. येऊ द्या साहेबाला."

गुरुवारी साहेब आले. नकाशा हातात घेऊन शेताच्या मधोमध उभे राहिले, चारी बाजूंना पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेले.

शुक्रवारी दुपारी चार वाजता आप्पाजींना नोटीस मिळाली. नकाशातल्या तळ्याच्या जागी पाहणीत नाचणी उभी आढळली. तळं बुजवल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

नोटिशीची एक प्रत कॉलेजलाही आली आहे, दक्षतेबद्दल आभारांसह. प्राचार्यांनी ती सूचनाफलकावर लावली आहे.