मशीनची पापणी

शेषरावमामा ड्रोनला पापणी लववायला लावतात. ड्रोनला पापणी नसते हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे. म्हणूनच लावतात, असं त्यांचं म्हणणं.

मामा आमच्या गावचे. पूर्वी लग्नांच्या कॅसेटी काढायचे, आता ड्रोन उडवतात. त्यांची पद्धत अशी. बांधावर बसायचं, मोबाइलवरच्या नकाशात ड्रोनची वाट आखायची आणि एका जागेवर बोट ठेवून सांगायचं, हे तुझं निशाण. मग ड्रोन आपला आपण फिरतो आणि कुठल्याही बाजूला गेला तरी कॅमेरा निशाणावरच राहतो. खुंट्याला बांधलेलं वासरू फिरतं तसा. फरक एवढाच की याचं तोंड कायम खुंट्याकडं.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मामा आणखी एक काम करतात. वाटेत मध्येच कॅमेरा क्षणभर बाजूला वळवून ठेवतात. तिथं उकिरडा असेल, म्हैस असेल, जे असेल ते दिसतं. मग कॅमेरा परत निशाणावर. ही पापणी.

"माणूस कितीबी पाहून राहिला तरी मधी डोळा मिटतो," मामा सांगतात. "हे मशीन मिटत न्हाई. म्हणून याची नजर लई जड. टक लावून पाहिलं की लागलीच."

डोंगरकडा गावच्या एका लग्नात अंतरपाट दूर झाला, नवरीनं हार उचलला आणि कॅमेरा वळला शेजारच्या शेतात उकडून वाळत घातलेल्या हळदीकडे. परत आला तेव्हा दोघांच्या गळ्यात हार होते. नवरदेवाचा चुलता तणतणत मामांच्या घरी आला.

"ओ शेषराव, हार घालताना कुठं हाय?"

"गळ्यात दिसून नाही राहिले का?"

"घालतानाचं म्हणतो मी!"

"तेवढ्यात पापणी लवली. तुमची लवत न्हाई व्हय कधी?"

चुलता बराच वेळ डोळे मिचकावत बसला आणि चहा पिऊन गेला.

एका पुढाऱ्याच्या सत्काराचं काम मिळालं होतं. पुढारी स्टेजवर चढले, फेटा बांधला जाऊ लागला आणि कॅमेरा मंडपामागच्या बुंदीच्या कढईकडे गेला. कार्यकर्ते खवळले. मामा म्हणाले, "साहेबाला नजर लागली असती तर तुमीच मला धरलं असतं." पुढाऱ्याला हे इतकं पटलं की पुढच्या सभेत त्यांनी स्वतःच विचारलं, "पापणी बराबर ठेवली ना?" विकासाच्या गप्पा मारणारी माणसं ही!

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढतो, म्हणून मामा मला 'कार्यकर्ते' म्हणतात. 'नजर' या विषयावर माझं स्वतंत्र पत्रक आहे, दोन्ही बाजूंनी छापलेलं. ते मी मामांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, "बराबर हाय" म्हणाले आणि ड्रोनच्या पेटीत तळाला अंथरलं.

असल्या माणसाकडं मी कशाला गेलो? गायरानासाठी. गावाच्या आणि पलीकडच्या तांड्याच्या गुराढोरांना चरायला ती एकच टेकडी उरली आहे. शेजारी खडीचं क्रशर आहे. त्याला खोदायची परवानगी हद्दीच्या दगडापर्यंत. दगड आता खड्ड्यात आहे. गायरान म्हणजे कुणाच्या बापाची इस्टेट नव्हे, हे आम्ही अर्जांत वेगवेगळ्या शब्दांत लिहून थकलो होतो. पुरावा पाहिजे होता, खड्ड्याला चारही बाजूंनी दाखवणारा, आणि ड्रोन मामांकडेच होता. त्यांनी बोलावताच होकार दिला.

पहिलं चित्रण झालं. खड्डा होता, गाड्या होत्या, हद्दीचा दगड होता आणि मधोमध पापणी होती. सुनावणीत तहसीलदारसाहेबांनी ते पाहिलं. क्रशरवाल्याचा वकील लगेच उठला. "इथंच कॅमेरा काहून वळला? काय लपवलं?"

मी काय सांगणार? नजर लागू नये म्हणून?

साहेब म्हणाले, "सलग चित्रण आणा. पुढच्या सोमवारी शेवटची संधी."

म्हणून रविवारी आम्ही परत खड्ड्यासमोरच्या बांधावर. मामा, मी आणि मामी. मामी प्रत्येक कामाला सोबत असतात. उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून मामांच्या डोक्यावर छत्री धरतात आणि त्यांच्या खांद्यावरून स्क्रीन पाहतात. बोलत जवळजवळ नाहीतच. त्या दिवशी छत्री माझ्याकडे देऊन त्या बाटली भरायला खालच्या हापशावर गेल्या.

मी मामांच्या मोबाइलमध्ये डोकावलो. वाटेत पापणी होतीच. त्याच जागी.

"मामा, ही काढा."

"जमत न्हाई. तिथं बाभळीला झोळी हाय. क्रशरवरच्या बाईचं लेकरू निजतं तिच्यात. फिरताना ते बराबर कॅमेऱ्यापुढं येतं."

माझं डोकं फिरलं. "अख्खी टेकडी चालली आणि तुम्ही नजर नजर काय करता? नजर-बिजर काही नसतं हो!"

"नसतेच," मामा म्हणाले. "मला काय ठाऊक न्हाई?"



त्यांनी हापशाकडं एकदा पाहून घेतलं आणि आवाज उतरवला. "आमाला लेकरू न्हाई, कार्यकर्ते. कुठं बारसं असलं की बाया हिला म्हणायच्या, काकू, तुमी जरा भायेर बसा. तोंडावर म्हणायच्या. ही बसायची. मग म्या एकदा भर मांडवात सांगितलं, नजर माणसाला नसती, मशीनला असती, पण म्या तिची पापणी लववतो. तवापासून लोक मशीनला भ्यायले. हिला कोणी उठवत न्हाई. माझ्यामागं उभी राहून पडद्यावर तरी लेकरू पाहून घेते."

"मग आजच्यापुरती—"

"आज तुमचा व्हिडिओ साऱ्या गावाच्या मोबाइलवर जाणार. लेकरू पुढं आलं अन् मशीननं पापणी लववली न्हाई, तर उद्या लोक म्हणतील, मशीनची नजर खोटी. मग खरी कोणाची?"

याच्यावर माझ्याकडं पत्रक नव्हतं. सोमवार मात्र होता.  टेकडीही होती.

तेवढ्यात हापशावर आवाज आला. क्रशरवरची बाई घागर घेऊन आली होती. लेकरू कडेवर, म्हणजे झोळी रिकामी. ती लांबच्या कुठल्या जिल्ह्यातून कामाला आलेली. आमच्या गावात कोण कोण आहे, कुणाला काय म्हणतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"माय, जरा धर वं याला," ती मामींना म्हणाली. "हापसायला दोन हात लागतात."

मामींनी आधी पदर तोंडावर ओढला आणि मान वळवली. बाईनं लेकरू तसंच त्यांच्या अंगावर टाकलं आणि दांडा धरला. लेकरानं पदर धरून खाली ओढला.

मामांनी वाटेतली पापणी काढली. अंगठ्यानं. ड्रोन उठला.

अख्खी फेरी कॅमेरा खड्ड्यावर राहिला, जराही हलला नाही. स्क्रीन मी पाहत होतो. मामा हापशाकडं पाहत होते. तिथं घागर भरून वाहत होती, बाई हापसता हापसता सांगत होती, "अगं, हसतंय बघ! माझ्याकडं असं नाही हसत," आणि मामी लेकराच्या तोंडाकडं बघत होत्या, इतक्या जवळून की लेकरू त्यांच्या नाकाला हात लावत होतं.

ड्रोन उतरला. मी चित्रण पुढे-मागे करून तपासलं. दगड, खड्डा, गाड्या, सगळं सलग आलं होतं.

"झालं का मनासारखं?" मामांनी विचारलं, पण नजर हापशावरच.

"झालं."

"न्हाई, म्हणलं, एखादा कोपरा सुटला असंल." ते पेटीतून दुसरी बॅटरी काढू लागले. "अजून एक फेरी मारू का?"

एकही कोपरा सुटला नव्हता.

"मारा," मी म्हणालो.