सासऱ्यांची पंप बंदूक आणि माझं कुतूहल

जुन्या यंत्रांतलं मला फार कळतं. कोणी विचारलं नाही तरी मी सांगतो. त्यामुळे सासरे ॲन्सेल यांनी आपल्या वडिलांची पंप बंदूक स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, तेव्हा ती आता माझीच, असं मी मनात धरून चाललो.

“आज दुपारी बाराला फेझंट पक्ष्यांची शिकार सुरू होते,” सासरे म्हणाले. “तू आणि हार्लन, तुमच्यापैकी एकाला ही देऊन टाकणार. कुत्रे गाडीत चढवून येतो, तोवर पुसून ठेवा. बघू कोणाचा हात बरा आहे.”

हार्लन म्हणजे माझा मेहुणा. आणि घरात बंदूक उघडीच ठेवायची, हा सासऱ्यांचा कायदा. उघडी असली की काडतुसाची जागा समोर दिसते, आणि बंदूक रिकामी आहे हे आंधळ्यालाही कळतं. टेबलावर मिटलेली बंदूक ठेवणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी भरल्या ताटावरून उठवलं होतं.

मी मन लावून पुसली. पण पुसता पुसता कुतूहल चाळवलं. हिच्या आधी दुनळी होती. दोन बार झाले की उरलेले पक्षी आरामात निघून जायचे. मग कोण्या डोकेबाजाने नळीखाली दुसरी नळी बसवली, तिच्यात ओळीने काडतुसं भरली आणि वरून सरकती लाकडी मूठ घातली. मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. माणसाला हे सुचतं तरी कसं!

“घोड्याचा आवाज ऐकायचाय?” मी हार्लनला विचारलं. बंदूक रिकामी असल्याची पुन्हा खात्री केली, मूठ पुढे ढकलून ती मिटली, नळी जमिनीकडे धरली आणि चाप ओढला. खट्! फारच गोड आवाज.

मग मूठ मागे ओढली. ती हलेना.

“जावईबापू, कुत्रे चढवून झालेत हं,” हार्लन खिडकीतून बघत म्हणाला.

“तेल दे.”

तेलाने काही झालं नाही. टॉवेल गुंडाळूनही नाही. शेवटी दस्ता जमिनीला टेकवला, नळी छताकडे केली आणि मुठीला आम्ही दोघं लोंबकळलो. मिटलेली सापडली तर दोघंही गेलो, हे हार्लनलाही कळत होतं. इतक्यात माझी बायको आत आली, मारित तिचं नाव.

“काय चाललंय?”

“यंत्र समजून घेतोय.”

“मला तर उलटंच दिसतंय.”

बाहेर पायरीवर बूट वाजले. त्याच क्षणी सासूबाई, गुड्रून, ओव्हनमधलं बटाट्याचं भांडं घेऊन आल्या. “व्हा बाजूला, हात पोळतोय माझा.” भांडं टेबलावर आदळून त्यांनी झाडू उचलावा तशी बंदूक मुठीला धरून उचलली आणि कोपऱ्यात दाणकन आपटली.

खटाक! बंदूक उघडली.

सासरे दारातच उभे होते. आमचे तेलकट हात त्यांनी सावकाश बघितले.

“बार झाला की धक्क्याने मूठ आधी जराशी पुढे जाते, मग आतलं कुलूप सुटतं,” ते म्हणाले. “नुसता घोडा पडला तर ती आपण पुढे ढकलायची असते. हिने मुठीला धरून उचलली, तेव्हा बंदुकीच्या वजनानेच ते झालं. पूर्वी काडतूस कधीकधी उशिरा पेटायचं. घाईने उघडणाऱ्याचं तोंड भाजू नये म्हणून केलंय ते.”

“म्हणजे कोणासाठी?” मारितने माझ्याकडे बघत विचारलं.

“मग, बंदूक कोणाची?” हार्लनने हळूच विचारलं.

“जिने उघडली तिची.”

बाराला सासूबाई मक्याच्या शेतात सगळ्यांच्या पुढे शिरल्या. मी मागून त्यांचे पक्षी वाहत होतो. संध्याकाळी त्यांनी बंदूक माझ्याकडेच पुसायला दिली. उघडून दिली, आणि मी पुसत होतो तोवर समोर खुर्ची टाकून बसल्या.