शाडूतले अप्पा

आषाढातल्या एका मंगळवारी अप्पा जेवून पाटावरून उठायला गेले आणि अर्धेच उठले. बाकीचे अर्धे सुमतीबाईंनी काखेत हात घालून उठवले.

"आता तरी कंबर कुणाला दाखवा," त्या म्हणाल्या.

"हळू बोल. बाहेर ऐकू जाईल."

बाहेर ऐकू जाणं अप्पांना परवडणारं नव्हतं. गिरगावातल्या त्यांच्या चाळीचा गणपती लवूच्या कारखान्यातून यायचा. कारखाना चार गल्ल्या पलीकडे. मूर्ती अडीच फुटी, शाडूची. एकाच माणसाने ती पाटावर घेऊन, वाटेत कुठेही खाली न ठेवता चाळीत आणायची, असा रिवाज होता. तो माणूस गेली एकोणीस वर्षं अप्पा होते. आयुष्यात त्यांना दुसरा कुठला मान मिळाला नव्हता आणि त्यांनी मागितलाही नव्हता.

यंदा मात्र समोरच्या खोलीतले मनमोहनराव चाळीचे अध्यक्ष झाले होते. दोघे एकाच वर्गात शिकलेले. मनमोहनराव गॅलरीत उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "अप्पाला आता चपलेचा अंगठा सरळ करता येत नाही. उद्या देव हातातून सुटला तर जबाबदार कोण? रविवारी सभेत ठरवून टाकू."

म्हणजे हातात पाच दिवस होते.

सुमतीबाई बुधवारी दादरला जाऊन तात्यांना भेटून आल्या. तात्या निसर्गोपचारवाले. स्वतः मोड आलेल्या मुगांवर जगत आणि दुसऱ्यांना मातीने बरं करत. त्यांनी सांगितलं, "मानेपासून घोट्यापर्यंत चिकणमातीचा जाड लेप द्या. अंगावर पूर्ण वाळू द्या. वाळेपर्यंत हलायचं नाही. मग धुऊन टाका. सगळं दुखणं माती ओढून घेते."

गिरगावात चिकणमाती एकाच ठिकाणी होती. सुमतीबाई लवूकडे गेल्या. लवू एका गणपतीचा कान करत होता. मान वर न करता म्हणाला, "न्हेवा वयनी. त्या कोपऱ्यातली घेवा." कोणता कोपरा ते विचारायचा त्यांना संकोच वाटला. ओल्या गोणपाटाखाली एक ढीग होता, त्यातली घमेलंभर माती त्यांनी आणली.

शनिवारी सकाळी त्यांनी दार लावून घेतलं. अप्पा पंचा नेसून चौरंगावर बसले आणि सुमतीबाई माती लावू लागल्या. माती गार होती, हात ओळखीचे होते. अप्पांनी डोळे मिटले.

"बरं वाटतंय," ते म्हणाले.

"बोलू नका. तडे जातील."

पावसाळ्यात माती वाळेना, तेव्हा त्यांनी दोन शेगड्या पेटवून एक पुढे आणि एक मागे ठेवली. दोन तासांत अप्पा कडक झाले. रंग थेट मूर्तीसारखा आला. पोट तर अगदीच.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण चाळीत दिवसाढवळ्या दार लावलं की लोकांना एक तर आत कुणी गेलं असं वाटतं, नाहीतर कुणी आलं असं. त्यात दाराच्या फटीतून धूर येत होता. शेजारच्या गंगुबाईंनी दारावर थाप मारली.

"सुमती! दार उघड! काय झालं गं अप्पाला?"

"काही नाही हो, बसलेत."

"मग बोलत का नाही?"

"त्यांना बोलायचं नाहीये!"

हे ऐकून गंगुबाईंनी खांदाच लावला. कडी जुनी होती. दार उघडलं आणि त्यांच्यामागे सगळी गॅलरी आत आली. सगळ्यांत पुढे मनमोहनराव.

"अरे बापरे," मनमोहनराव म्हणाले, "अप्पा, हे काय रे?"

अप्पा काहीच बोलले नाहीत. त्यांना तड्यांची काळजी होती.

गंगुबाई मात्र जवळ येऊन अप्पांच्या पोटाकडे निरखून पाहत होत्या. तिथे मातीत लाल कुंकू आणि दोन अक्षता चिकटल्या होत्या.

"सुमती, माती कुठची?"

"लवूच्या कारखान्यातली."

"अगं, ही मुहूर्ताची माती! पूजा केलेली! आपल्या गणपतीची माती तू नवऱ्याला फासलीस?"

मुहूर्ताची माती गेली तर त्या वर्षी चाळीत गणपती बसायचा कसा? सुमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आत्ता धुऊन टाकते," त्या म्हणाल्या.

"मोरीत? पुजलेली माती मोरीत घालवतेस? तिला समुद्रच पाहिजे."

"मग खरवडून घमेल्यात घेते." त्यांनी छातीवरचा एक पोपडा ओढला. त्याबरोबर अप्पांच्या छातीवरचे केस आले आणि अप्पांचा आवाज खालच्या दुकानापर्यंत गेला.

"तशी निघायची नाही," मनमोहनराव म्हणाले. ते अध्यक्ष होते आणि अध्यक्षाने काहीतरी ठरवायचं असतं. "अख्खा अप्पाच न्यावा लागेल. चालला तर माती गळेल, ती लोकांच्या पायाखाली येईल. गणपत, हातगाडी आण."

वखारीत काम करणाऱ्या गणपतने तिथली हातगाडी आणली. चौघांनी अप्पांना चौरंगासकट उचलून गाडीवर ठेवलं. माती भिजू नये म्हणून सुमतीबाईंनी डोक्यावर छत्री धरली. गाडी मनमोहनराव स्वतः ओढायला लागले.

नाक्यापर्यंत सात-आठ माणसं होती. पण गिरगावात छत्रीखाली मातीचं काही चौपाटीकडे निघालेलं दिसल्यावर कोण घरात बसेल? कुणीतरी "मोरया" म्हणालं. कुणी झांजा आणल्या. ते छप्पन्न साल होतं, त्यामुळे चार माणसं जमली की पुढची घोषणा शिकवावी लागत नसे. मागून आवाज आला, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" शंभरेक लोकांनी त्याला साथ दिली. त्या दिवशी जमावबंदी होती, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

कोंडीराम हवालदाराच्या मात्र लक्षात होतं. त्याने काठी आडवी धरली.

"थांबा! पाचाच्या वर माणसं नकोत. कुणाचा पुतळा हा?"

"पुतळा नाही," मनमोहनराव म्हणाले.

"मला शिकवू नका. परवाच दोन पुतळे जाळले तुमच्या पोरांनी. कुठल्या मंत्र्याचा आहे सांगा. पोटावरून ओळख पटतेय जरा." त्याने काठीचं टोक पुतळ्याच्या पोटाला लावलं.

"हवालदार, हळू," पुतळा म्हणाला.

कोंडीराम दोन पावलं मागे सरला. "जित्ता माणूस जाळताय?"

"बुडवतोय," गंगुबाई म्हणाल्या.

"अहो, ते माझे मिस्टर आहेत!" सुमतीबाईंनी छत्री त्याच्या हातात कोंबली आणि तात्यांपासून अक्षतांपर्यंत सगळं सांगितलं. कोंडीरामने सगळं ऐकून घेतलं. तो मूळचा साताऱ्याकडचा आणि त्याचीही कंबर उभं राहून राहून धरलेली होती.

"गुण येतो का मातीने?" त्याने हळूच विचारलं.

"धुतल्यावर कळेल."

"मग चला लवकर. विसर्जनाला बंदोबस्त लागतोच." आणि छत्री धरून तो पुढे चालायला लागला.

चौपाटीवर भरतीच्या लाटा उसळत होत्या. मनमोहनरावांनी अप्पांच्या काखेत हात घालून त्यांना कंबरभर पाण्यात नेलं. पहिल्या लाटेत पाठ मोकळी झाली, दुसरीत पोट. तिसऱ्या लाटेने अप्पांचे पाय उचलले. त्यांना वर खेचताना मनमोहनरावांच्या कंबरेतून कट्कन आवाज आला.

"अप्पा," ते म्हणाले, "मला धर."

"मी तुला धरू?"

दोघेही पाण्यात बसले. कोंडीरामने आणि कोळ्यांनी दोघांना बाहेर काढलं. परत येताना त्याच हातगाडीवर दोघे शेजारी शेजारी पालथे पडले होते.

सुमतीबाईंनी दोघांना आपल्याच खोलीत झोपवलं आणि तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीने दोघांच्या कंबरा शेकल्या. तेवढ्यात लवू धावत आला.

"तुमचो गणपती बुडवलात म्हणून कोण सांगता? तो माझ्या कारखान्यात बसलेलो आसा! सोंड तेवढी रवली."

"मग ही माती?" गंगुबाईंनी विचारलं.

"ती उंदराची."

"कुंकू होतं तिला!"

"उंदराच्या मातयेकपण मी कुंकू लायतंय. तो काय देवाच्या घरचो न्हय?"

गॅलरीत हसू सुरू झालं आणि तीन मजले चढलं. अप्पांनी तोंड भिंतीकडे वळवलं. हातगाडी, हवालदार, सगळं त्यांनी सोसलं होतं. पण अख्ख्या गिरगावाने ज्याला उंदीर करून बुडवलं, त्याच्या हातात देव कोण देणार? सुमतीबाईंनी पुरचुंडी जरा जास्त वेळ धरली.

रविवारची सभा अप्पांच्याच खोलीत झाली, कारण अध्यक्षांना उठता येत नव्हतं. कुणीतरी तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरण्या मुलाचं नाव सुचवलं. दोन-चार माना हलल्या. मनमोहनरावांनी उशीतून तोंड बाहेर काढलं.

"गंगुबाई, गणपतीला पाठीवर कोण वाहतो?"

"उंदीर. हे काय विचारणं झालं?"

"आणि आपल्या चाळीत उंदीर कोण आहे?"

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं.

"मग झालं," मनमोहनराव म्हणाले. "ठराव लिहून घ्या. आणि सुमतीवहिनी, जरा डावीकडे शेका."

चतुर्थीला अप्पांनी गणपती आणला. पुढे मनमोहनराव एका हाताने स्वतःची कंबर धरून लोकांना बाजूला सारत होते. देव आणायला बायकांनी जायची तिथे रीत नव्हती, पण त्या वर्षी सुमतीबाई अप्पांच्या मागोमाग चालल्या. उपरण्याखालून त्यांचा हात अप्पांच्या कंबरेला टेकलेला होता. लोकांनी पाहिलं आणि कुणी काही म्हणालं नाही. चार गल्ल्या त्यांनी हात काढला नाही.

देव मखरात बसल्यावर अप्पा हळूच म्हणाले, "बघ, कंबर अजिबात दुखली नाही."

"माझा हात दुखला," सुमतीबाई म्हणाल्या आणि आरतीचं तबक आणायला गेल्या.