सोनवणे मॅडम आणि बोरीची चंद्री

सोनवणे मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात, मग बसतात. आमच्या नव्या सुनेचीही बघितली, ऐन हळदीकुंकवात, बायकांसमोर. "लय फिक्की हाय. जंताचं औषध द्या हिला." औषध लागू पडलं, पण सून अजून त्यांना बघून आत पळते.

मॅडम परभणीत आमच्या शेजारी राहतात, एकट्याच. पशुवैद्यकीय कॉलेजात प्रतिकारशक्ती हा विषय शिकवतात आणि शेळ्यांच्या पोटातल्या जंतांवर संशोधन करतात. फ्रीजमध्ये लेंड्यांच्या डब्या असतात, म्हणून त्यांच्याकडे विरजण मागायला कुणी जात नाही. "जंत सगळ्यायलाच होतात. त्यांच्याशी लढतंय कोण, ते बघायचंय," हे त्यांचं पालुपद.

एका पावसाळ्यात बोरी गावच्या काशीबाईंच्या निम्म्या शेळ्या जंतांनी गेल्या. चंद्री नावाची शेळी मात्र ठणठणीत. मॅडमना तिचं रक्त हवं होतं.

"रगत काढलं की दूध आटतंय. न्हाई देत," काशीबाई म्हणाल्या.

मॅडम पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्याही. मोटारसायकल अर्थात माझी. शेवटी एकदा त्यांनी बाही वर सारली, स्वतःच्याच हातातून सुईनं रक्त ओढलं आणि म्हणाल्या, "आता बघा, मी आटते का."

काशीबाईंना हसू फुटलं. त्यांनी चंद्रीचे कान धरले. "घ्या."

पुढं कॉलेजातले वरिष्ठ म्हणाले, शेळी कापून पोटातले जंत मोजल्याशिवाय निष्कर्ष पक्का होणार नाही.

"चंद्रीला सुरी लागणार न्हाई," मॅडम म्हणाल्या. "लेंड्यांतली अंडी अन् रक्तातल्या पेशी, एवढ्यावर सिद्ध करते. वेळ लागंल. लागू द्या."

वर्षं लागली. चंद्रीची पिल्लं मोठी झाली, त्यांचंही रक्त तपासलं. आईची ताकद लेकरांत उतरते हे मॅडमनी दाखवलं. शोधनिबंध छापून आला.

त्यानंतरच्या रविवारी मॅडम माझ्या दारात. "चला, बोरीला."

"आता कशाला? काम तर झालं."

"चला तर."

काशीबाईंनी त्यांच्या रिकाम्या हातांकडं बघितलं. "सुई न्हाई आणली?"

"न्हाई. आज रगत नको."

"मंग?"

मॅडम चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. काशीबाईंनी परातीत आणखी पीठ घेतलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "मलाबी एकटीला जेवण जात न्हाई."