कासवांचा शेजार

डॉक्टर गायकवाडांना कुणी नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नाहीत. "आधी हात!" म्हणतात आणि नळाकडं बोट दाखवतात.

सोलापूरहून मंद्रूपकडं जाताना आमचं केंद्र लागतं. जखमी साप आणि चोरट्या विक्रीतून सोडवलेली कासवं तिथं ठेवतात. गायकवाड तिथले डॉक्टर. मी या जिवांना खाऊपिऊ घालणारी, शबाना. प्रत्येक पिंजऱ्याला वेगळी बादली, वेगळा झाडू, वेगळी चप्पल. चप्पल चुकली की डॉक्टर दिवसभर अबोला धरतात. माझ्या भावाच्या लग्नात बिर्याणी वाढणाऱ्या मामूंनाही त्यांनी "आधी हात!" म्हटलं. मामू अजून त्यांचं नाव निघालं की उठून जातात.

"कासवाच्या पोटात एक जंतू असतोय," डॉक्टर समजावतात. "कासवाला त्याचं काय न्हाय. सापाच्या पोटात गेला की आतडी सडवतो. दोघंबी लई गुणाची, पन शेजार नको."

मागच्या उन्हाळ्यात नेमका तोच शेजार घडला. सुट्टीच्या दिवशी कासवांचं टाकं तडकलं आणि पाणी अजगरिणीच्या पिंजऱ्यात शिरलं. थोरली म्हणायचो आम्ही तिला. तिनं खाणं सोडलं, मग विष्ठेत रक्त दिसलं. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तोच जंतू दिसला आणि ते नुसते बसून राहिले. मग उठले, औषधं सुरू केली, बाकीचे साप दुसऱ्या खोलीत हलवले. ते वाचले. थोरली गेली.

संस्थेचे एक विश्वस्त तणतणत आले. "ही कासवंच मारेकरी. संपवून टाका!"

"आपन पोटात काय घेऊन हिंडतोय, ते त्यास्नी ठाऊक तरी हाय का?" डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता, तरी विश्वस्तांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

कासवांची रवानगी कुंपणाकडच्या शेडमध्ये झाली. तिकडं कुणी फिरकेना. एका दुपारी मी पालक घेऊन गेले, तर डॉक्टर तिथं स्टुलावर बसून कासवांशी बोलत होते. मला बघून थांबले.

"करोनात मी सांगोल्याला घरी गेलो होतो," ते एकदम म्हणाले. "मला साधी शिंक आली न्हाय. आई गेली."

मी दारातच थांबले.

"तोंडावर कुणी काय म्हणालं न्हाय. पन तवापासनं घरात जवळ बी कुणी बसत न्हाय."

मी पालकाची जुडी सोडली, अर्धी त्यांच्या हातात दिली आणि दुसरं स्टूल ओढून शेजारी बसले.