अक्कासाठी बिनशाईचा अंक

१९९८, जानेवारीतला सोमवार. जळगाव, पिंप्राळ्यातलं आमच्या साप्ताहिकाचं कार्यालय. हजर : संपादक नाना, कॉम्प्युटरवर अंक जुळवणारा शकील, व्यवस्था पाहणारी मी. विषय : अंक फ्लॉपीवर काढणे.

सभा सुरू झाली ती नानांनी जिभेला बोट लावून. समोर दहा कोऱ्या फ्लॉप्या होत्या. कागदाचे ताव मोजावेत तशा ओल्या बोटाने त्या मोजून ते म्हणाले, "दहा. पण चौथी जरा पातळ वाटते."

"नाना, सगळ्या सारख्याच असतात," शकील म्हणाला.

"तू गप. चाळीस वर्षं कागद हाताळलाय मी!"

स्क्रीनवरचं पान पुढे न्यायलाही नानांना ओलं बोट लागे. बोटाने पान हललं नाही की ते काचेवर टिचकी मारत आणि म्हणत, "बठ्ठं उलटंच शे तुमचं, सगळंच उलटं!" म्हणून शकीलने काच पुसायला वेगळं फडकं ठेवलं होतं. त्याचं नाव 'नानांचं फडकं'.

शकील ज्याला 'कॉम्प्युटर आवृत्ती' म्हणे, तिला नाना 'बिनशाईचा अंक' म्हणत. त्यांच्या शंका मी क्रमाने लिहून घेतल्या. पहिली, फ्लॉपीची घडी कशी घालायची? दुसरी, अंक वाचून झाल्यावर लोकांनी मेहरूणची बोरं कशात बांधायची? तिसरी शंका त्यांनी हळूच विचारली. "शकील, अक्षर बोराएवढं होईल का रे?"

हा सगळा खटाटोप त्या तिसऱ्या शंकेसाठी होता, हे आम्हाला ठाऊक होतं. धुळ्याला नानांची थोरली बहीण होती, अक्का. पहिल्या अंकापासून ती दर आठवड्याला आमच्या चुका पोस्टकार्डावर लिहून पाठवी. दोन वर्षांपूर्वी तिची नजर अधू झाली, बारीक अक्षर दिसेना, आणि कार्डं थांबली. सून अंक वाचून दाखवे, पण नानांना ते पसंत नव्हतं. "सून शहाणी आहे, चूक दुरुस्त करूनच वाचते. मग अक्काने करायचं काय?"

शकीलने अक्षर बोराएवढं केलं. स्क्रीनवर जेमतेम चार शब्द मावले. नाना खूश! "पहिली प्रत अक्काला. बाकीच्या नऊ जाहिरातदारांना."

इथे माझी एक चूक झाली. पाठवणीचं काम मी नानांवर सोपवलं. अंकाच्या घडीवर पत्त्याची पट्टी चिकटवायला आमच्याकडे मैद्याची खळ असे. नानांनी पातेलंभर खळ शिजवली आणि दहाही फ्लॉप्यांना पट्ट्या गुंडाळून सढळ हाताने चिकटवल्या. वर वजन म्हणून जुन्या अंकांचा गठ्ठा ठेवला. मंगळवारी सकाळी बघतो तो दहा फ्लॉप्यांची एक वीट झालेली, आणि विटेभोवती मुंग्यांची जत्रा.

शकील डोकं धरून बसला. "नाना, हे काय केलंत?"

"पट्टी सुटली का एक तरी? मग!" नाना म्हणाले.

मग नवी फ्लॉपी भरली. मराठी अक्षरं दुसऱ्या कॉम्प्युटरवर आपोआप दिसत नाहीत, म्हणून शकीलने ती वेगळ्या फ्लॉपीत दिली आणि कसं करायचं ते मला कागदावर लिहून दिलं. टपालावर विश्वास नको म्हणून मी आणि नाना स्वतःच एसटीने निघालो. एरंडोल येईपर्यंत नानांनी चार वेळा फ्लॉपी खिशातून काढून उजेडाकडे धरून पाहिली.

अक्काच्या सुनेचा टायपिंगचा क्लास होता, तिथे कॉम्प्युटर होता. मी कागदावर बघत बघत अंक उघडला. अक्का खुर्ची पुढे ओढून काचेला नाक लागेल इतकी जवळ बसली. नाना दारात उभे राहिले. आत यायला तयार होईनात.

लेख नानांचाच होता, त्यांच्या वडिलांच्या छापखान्यावर. अक्का चार-चार शब्द वाचत होती. सून पुढचे शब्द सरकवत होती. मग अक्काने खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"खोटं शे हाई! यंत्र बैलगाडीवर कुठे? भुसावळहून रेल्वेनी उनं व्हतं. मी होते ना बाबांबरोबर स्टेशनवर! अरे नाना, संपादक झालास तरी अक्कल तेवढीच का?"

"चुकलं, अक्का," नाना म्हणाले. अक्का पुढे तासभर त्यांना झापत होती, यंत्राचा रंग, हमालांची नावं, सगळं सांगत होती. नाना माझी पेन्सिल घेऊन शाळकरी पोरासारखं लिहून घेत होते.

परतीच्या बसमध्ये मी वही उघडून लिहिलं : 'दुरुस्ती. यंत्र रेल्वेने आले. पुढच्या अंकात छापणे.'

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घाई नको."

दुसऱ्या दिवशी फायलीतून त्या लेखाचं हस्तलिखित काढलं. नानांच्या अक्षरात आधी 'रेल्वेने' लिहिलेलं होतं. त्यावर एक बारीक रेघ मारून वर 'बैलगाडीने' केलं होतं.

मी फाईल मिटली. वहीतलं ते काम अजून बाकी आहे.