तोफखान्याच्या तक्त्याची हकीकत

श्रीगजवदने बुद्धी द्यावी, शारदेने स्मरण राखावे, ऐकणाराने मध्येच उठू नये. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, भाद्रपदमासी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे जे, तोफखान्याचे उस्ताद येसबा निकम यांच्या जिवास चैन उरले नव्हते. गतसाली दसऱ्याच्या सलामीत सुभाना नामे त्यांचा शागीर्द एक बार काढून, नळीत ओला बोळा फिरवावयाचा विसरून, दुसऱ्या बाराची दारू भरू गेला, आत निखारा होता, दारू पेटली आणि सुभाना जागीच ठार जाहला. लोक म्हणाले, नशीब. येसबा म्हणत, शिकविणार मी, विसरला तो, मग नशिबास बोल कशास? आणि यंदा नवे वीस गोलंदाज हाती, दसरा पंधरा दिवसांवर, अन्न गोड लागेना, पायास भिंगरी.

मग महाराजांनी कृपाळू होऊन तोफ भरावयाच्या क्रमाचा चित्रांचा तक्ता करविला, की शिकणारांनी पाहावे आणि ध्यानी ठेवावे. चितारी बसला तो दिवाणजी आले, आमची पगडी वरती असावी म्हणाले, आणि फडणीसांनी बारीक अक्षरात चाळीस श्लोक लिहविले, आणि राणीवशाकडून मोर आले, मोरांमागे वेली, वेलींमागे हत्ती. दरबारी माणसास कोरी जागा दिसली की हात शिवशिवतात! येसबांनी विसांस तीन दिवस तक्त्यापुढे बसविले, मग तक्ता पालथा घालून पुसले, बार निघाल्यावर प्रथम काय करावे? एकाने मोर किती ते सांगितले, दुसऱ्यास पगडीचा रंग पाठ, बोळा सांगणारे दोघेच. तडक चुन्याचे मडके आणून येसबांनी अवघा तक्ता पांढरा केला आणि चितारी रडू लागला त्यास म्हणाले, "बाबा, चित्रे पाचच काढ. बोळ्याचे पहिले, तेवढेच निळे, बाकी काळी. शब्द एकेक, चित्राला लागून." मग रोज सकाळी तक्ता पालथा घालावा आणि ज्याने त्याने आठवून पाचही चित्रे मातीत बोटाने काढावी, ऐसा क्रम चालविला.

पगडी गेल्याचे कळताच दिवाणजी तणतणत आले, एवढी जागा ओस का टाकली, विचारू लागले. येसबा म्हणाले, "घालू की पगडी, सरकार. मोकळी जागा तेवढी तोफेच्या तोंडापुढे आहे." दिवाणजी गोरेमोरे जाहले, आणि सलामीत एक बार जरी चुकला तरी उस्तादी गेली समजा, ऐसे बजावून गेले.

दसऱ्यास बार सुटू लागले, आणि शेवटचा बार येता दाऊद गोलंदाज तोफ सोडून पाण्याकडे धावला. दरबार कुजबुजला, दिवाणजी हसले. बार उशिराने निघाला. महाराजांनी जाब पुसला तो दाऊद हात जोडून म्हणाला, "महाराज, घागर लवंडली, बोळा कोरडा राहिला. दारू घेतली हाती, पण ते निळे चित्र डोळ्यांपुढून हलेना."

तरी उशिराचा बार चुकलाच धरिला, दिवाणजींचा शब्द खरा जाहला आणि येसबांची उस्तादी गेली. येसबांनी ऐकले न ऐकलेसे केले, दाऊदाचे दोन्ही हात धरून बोटे चाचपून पाहिली आणि भर दरबारात रडले.

एवंच, त्या दसऱ्यास एक बार उशिरा जाहला आणि वीसच्या वीस गोलंदाज घरी जेवावयास गेले.